पंगतीत बसलेला बर्गर

ज्ञानेश्वरचा वैताग सकाळी फोन वाजला की सुरू व्हायचा. फोन बहुतेक अल्लीपूरहून, त्याच्या गावाहून असायचा, आणि बोलणाऱ्याचा एक तर गुडघा दुखत असायचा, नाहीतर त्याला सासू दवाखान्यात भरती करायची असायची. पोरगा मेडिकलात आहे, त्याची पार आतपर्यंत ओळख आहे, असं त्याचा बाप रूपराव गावभर सांगून बसला होता. खरं म्हणजे ज्ञानेश्वर वर्ध्याजवळ सावंगीला मेडिकल कॉलेजच्या गेटासमोर बर्गरचा गाडा लावायचा. आतली ओळख म्हणाल तर एवढीच, की होस्टेलच्या पोरापोरींना त्याच्या हातची टिक्की आवडायची.

पण गावचा माणूस म्हातारीला घेऊन दारात उभा राहिला तर त्याला नाही कसं म्हणणार? मग गाडा बायकोवर, सुरभीवर सोपवून हा रांगेत उभा राहायचा आणि कुणाच्या तरी गुडघ्याचा केसपेपर काढून द्यायचा. तो माणूस गावात परतून सांगायचा, रूपरावचं पोरगं मेडिकलात आहे ते खरंच. ज्यांना गाडा दिसायचा, त्यांना वाटायचं की ड्युटी सुटल्यावर पोरगा जोडधंदा करतो. हे खोटं बापाचं, पण ते जगवायची मेहनत मात्र ज्ञानेश्वरच्या वाट्याला आली होती.

रूपरावला गाड्याची लाज वाटायची, आणि ती गरिबीची नव्हती. वांगी-कोबी पिकवून बाजारात बसणारं घर ते, गाड्याची कसली लाज! त्याचं दुखणं वेगळं होतं. अन्न बसून खायचं असतं, उभ्यानं जनावरं खातात, असं त्याचं ठाम मत होतं. पोरानं लोकांना उभ्यानं खाऊ घालण्याचा धंदा काढला, हे त्याला गावात सांगवत नव्हतं. डोळे तपासायला तो दोनदा सावंगीला आला, पण दोन्ही वेळा दुसरीकडे चहा पिऊन परत गेला. गाड्याकडे त्यानं मान वळवून पाहिलंही नाही.

गाड्यावर वेगळाच ताप होता. बर्गर कुणी शोधला यावरून पोरं भांडायची, आणि दर वर्षी नवी बॅच आली की भांडण नव्यानं सुरू व्हायचं. मूळ जर्मनीचं, यावर तेवढं एकमत होतं. तिथं हॅम्बुर्ग नावाचं बंदर आहे. त्या बाजूची माणसं बोटीत बसून अमेरिकेला गेली आणि बारीक केलेल्या मांसाची चपटी टिक्कीही त्यांच्या मागोमाग गेली. न्यूयॉर्कच्या हॉटेलांत ती बशीत मिळायची, काट्याचमच्यानं खायची, पाव वेगळा. मग कुठल्याशा जत्रेत कुणाच्या तरी ध्यानात आलं, की फिरणाऱ्या माणसाला बशी धरून हिंडता येत नाही. त्यानं टिक्की दोन पावांच्या मध्ये दाबली.

आता तो कोण, इथं पोरांचं डोकं फिरायचं. कुणी म्हणे विस्कॉन्सिनचा पंधरा वर्षांचा पोरगा, त्याचे मांसाचे गोळे खपेनात म्हणून त्यानं ते चपटे करून पावात घातले. कुणी म्हणे टेक्सासचा खानावळवाला. कुणी कनेक्टिकटच्या एका दुकानाचं नाव घ्यायचं, जिथं अजूनही भाजलेल्या स्लाइसमध्येच घालून देतात. न्यूयॉर्ककडच्या दोघा भावांचाही दावा होताच. पुढं अमेरिकेत बर्गरच्या दुकानांच्या साखळ्या झाल्या, तो आपल्याकडे आला आणि बटाट्याचा झाला. ज्ञानेश्वर हे सगळं ऐकत टिक्क्या उलटायचा. कांदा करपत असताना अमेरिकेतल्या चार गावांचा निवाडा करायला त्याला वेळ नव्हता. पण एक गोष्ट त्याच्या मनात पक्की बसली होती. ही वस्तू ज्यांना बसायला सवड नाही त्यांच्यासाठी झाली आहे, आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

त्याच्या मुलीचं बारसं अल्लीपूरला ठरलं, तेव्हा त्यानं हट्टच धरला, की जेवणात बर्गर राहील आणि तो स्वतः करेल. गावानं एकदाचं डोळ्यांनी पाहावं, म्हणजे मेडिकलचं सोंग संपेल. रूपराव आठवडाभर धुमसला. मग आधी बर्गर आणि पाठोपाठ वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी, असा समझोता झाला. लोकांनी मांडवात उभं राहून खावं, एवढंच ज्ञानेश्वरचं म्हणणं होतं. ते बापानं ऐकून घेतलं आणि सकाळी उठून सतरंज्या अंथरल्या.

ज्ञानेश्वर मांडवामागं तव्यावर होता. टिक्क्या उतरत होत्या, बन शेकून तयार होते, कांदा-टमाटर चिरून ठेवलं होतं. पंगत बसली तसा चुलतभाऊ खुशाल वाढणारी पोरं घेऊन आला आणि भराभर सामान उचलून घेऊन गेला. भाऊकीच्या पोरांना वाढायची एकच रीत ठाऊक. एक पदार्थ एकाच्या हातात, आणि ओळीनं पुढं जायचं. खुशालनं बनांचं टोपलं घेतलं, दुसऱ्यानं टिक्क्या, तिसऱ्यानं कांदा-टमाटर. चौथ्यानं सॉसची बादली धरली आणि मिठाशेजारी चटणीच्या जागी तो एकेक चमचा वाढत गेला.

ज्ञानेश्वर बाहेर येऊन पाहतो तो पत्रावळीवर डावीकडे सॉस, उजवीकडे टिक्की, मध्ये बन, आणि माणसं श्लोकाची वाट पाहत बसलेली. बर्गर कुठंच नव्हता. ज्यानं कुणी जत्रेत तो जोडला असेल, त्याची सगळी मेहनत अल्लीपूरच्या पोरांनी एका फेरीत मोडून ठेवली होती. तो खुशालवर खेकसला, तर खुशालच त्याच्यावर चिडला. वाढलं तर आहे सगळं, राहिलं काय त्यात? ओळीतून फिरून एकेकाला जोडून दाखवावं म्हटलं, तर श्लोक झाला आणि माणसं जेवायला लागली. बन पोळीसारखा मोडला जात होता, टिक्की भाजी म्हणून त्याला लावली जात होती. वरण कधी येतं, अशी विचारणा सुरू झाली. ज्ञानेश्वरला रडावंसं वाटलं. ज्या एका दिवसावर त्यानं सगळी आशा ठेवली होती, तो पत्रावळीवर असा तुकड्यातुकड्यांनी पडला होता.

रूपराव रिवाजाप्रमाणे ओळीतून आग्रह करत फिरत होता. वरण घ्या, बुंदी घ्या म्हणत होता, बर्गरचं नाव तोंडातून निघत नव्हतं. गावात ज्यांच्या शब्दाला वजन, ते प्रभाकरराव ओळीच्या टोकाला बसले होते. त्यांनी बनावर वरण ओतून घेतलं होतं आणि त्याचा लगदा झाला होता. त्यांनी हात थांबवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "रूपराव, हा आचारी कुठून धरून आणला?"

सगळ्या माना रूपरावकडे वळल्या. ज्ञानेश्वर उलथनं हातात घेऊन कनातीशी उभा होता. बापाला सुटायला सोपी वाट होती. वर्ध्याचा कुणीतरी आचारी आहे, फसलो बुवा, एवढं म्हटलं की झालं असतं. इतकी वर्षं तो तेच तर करत आला होता. आता तो काय बोलणार हे आपल्याला माहीत आहे, असं वाटून ज्ञानेश्वरनं मान खाली घातली.

"धरून कायले आणू? घरचाच हाय," रूपराव म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "माह्या ज्ञानेश्वरनं केलं. मेडिकलसमोर गाडा हाय त्याचा, हाच धंदा हाय. तुमाले खाता येत नाई त्यात त्याचा काय दोष?"

"मंग तू तं पोरगा मेडिकलात हाय म्हनत होता," प्रभाकरराव म्हणाले.

रूपराव लालबुंद झाला. बुंदीचं भांडं हातात धरूनच तो सगळा राग घेऊन पोरावर उलटला. "तू काऊन उभा राहून पाहून राह्यला? दुसरी पंगत बसते आता. या टायमाले जोडून आण. अन् पहिला मले दे, कसा खातेत ते दाखवतो याइले."

ज्ञानेश्वरला रागही आला आणि बरंही वाटलं. तो आत वळला आणि त्यानं तवा पुन्हा चढवला. बापानं त्याला आज पहिल्यांदा ऑर्डर दिली होती.