उपाध्ये डॉक्टरांची सुई

उपाध्ये डॉक्टर गोठ्यात शिरले की आधी गाईची शेपटी उचलायचे. मालक चहाचं विचारतोय, आणि हे गोचीड वेचून बाटलीत टाकतायत! वर मला दम, "गाव लिही रं आदी. गोचडाचं गाव इसरलास की समदं वाया."

नव्वदच्या दशकात सांगलीतल्या त्यांच्या प्रयोगशाळेत मी सहायक होतो. माणूस हट्टी, जेवणाखाण्याची शुद्ध नाही, पण त्यांचा हात लागला की मारकी गायही शांत व्हायची. गोचिडांतून गाईंच्या रक्तात शिरणाऱ्या एका जंतूनं त्यांना पछाडलं होतं. आधी ताप, मग डोळे पांढरेफटक, की गाय आडवी! मेढा गावातली एक गाय त्यातून उठली होती. तिचं थोडं रक्त निरोगी गाईला टोचायचं, म्हणजे हलका ताप येऊन जातो आणि पुढं संरक्षण मिळतं, ही त्यांची पद्धत. म्हसवडजवळच्या हौसाक्कांची एकुलती एक जर्सी गाय त्यांनी अशीच टोचली. "आता बिनघोर ऱ्हावा," असं सांगूनही आले.

चार महिन्यांत गाय त्याच रोगानं गेली. नेमकी त्याच सुमाराला घरात सून आलेली. झालं! पांढऱ्या पायाची ठरवून पोरीला माहेरी धाडली.

डॉक्टर कासावीस झाले. मेढ्याच्या गाईचं आणि हौसाक्कांच्या गाईचं मरणाआधी घेतलेलं, असे रक्ताचे दोन्ही नमुने त्यांनी एका मोठ्या संस्थेत पाठवले. सहा महिन्यांनी पत्र आलं. जंतू एकाच जातीचा, पण त्याच्या अंगावरच्या प्रथिनाचं जनुक दोन्ही गावांत वेगळं.

"सूक्ष्मदर्शकात दोगं सारखंच दिसत्यात, गड्या. पर अंगरखा न्यारा हाय. मेढ्याच्या अंगरख्याची वळख म्हसवडात काय कामाची? ह्ये मी आदी बगाय पायजे हुतं."

"साहेब, पत्र कपाटात राहू द्या. विचारलंय कुणी?" मी म्हटलं.

"आन् ती पोरगी म्हायेरात बसलीया, तिचं काय?" असे भडकले की मी गुपचूप जीप काढली.

"हौसाक्का, सुनंचा पाय न्हाई, माझी सुई चुकली," डॉक्टर उंबऱ्यातच म्हणाले.

हौसाक्कांनी पायात वहाणा सरकवल्या. "आवं डाक्टर, काय बाय बोलले वो मी त्या लेकराला!" आणि त्याही आमच्याबरोबर निघाल्या.

माहेरी सुनेपुढं डॉक्टरांनी हात जोडले. ती म्हणाली, "हितं हात जोडून काय उपेग? मला गावाफुडं बोल लावलाय. तितंच सांगा."

त्यांनी तसंच केलं. भर चावडीपुढं उभं राहून, "गाय माझ्या चुकीनं मेली," असं मोठ्यानं सांगितलं. सून पदर सावरून शेजारीच उभी होती.

टोचताना त्या गाईचं मुंडकं मीच धरलं होतं. तरी मी जीपमधून उतरलो नाही. त्याची लाज मला अजून वाटते.