आयतवारची गवाही

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर माझ्या थोरल्या बहिणीचे. तिला मी आक्का म्हणतो. दुष्काळाच्या वर्षी ती खडी फोडायला गेली आणि मी शाळेत गेलो. आमची गोष्ट एवढीच आहे. बाकी जे काही झालं ते यातूनच झालं.

आमचं गाव मुखेडच्या बाजूला. वडील दुष्काळाआधीच वारले होते. रानं पांढरी पडली होती आणि झाडांच्या सावल्यासुद्धा वाळल्यासारख्या वाटत. गावाबाहेर सरकारी रस्त्याचं काम निघालं. शाळेच्या खिडकीतून दूरवर कामावरच्या बाया दिसायच्या. ऊन तापलं की जमिनीवरून वाफ उठायची आणि त्या बाया पाण्यावरून चालल्यासारख्या दिसायच्या. त्यातली आक्का कोणती, हे मी चालीवरून ओळखायचा प्रयत्न करी. गुरुजी फळ्यावर लिहीत असायचे आणि माझी बहीण पाण्यावरून चालत असायची. अजूनही डोळे मिटले की तो दुष्काळ मला कोरडा आठवतच नाही, सगळीकडे पाणी चमकतंय असाच आठवतो. कामावर मजुरांना सुकडी, म्हणजे खायचं गोड पीठ, वाटायचे. आक्का ती पदराला बांधून आणायची आणि म्हणायची, "खा. लई गोड हाय म्हून मला न्हाई आवडत."

पुढे तिचं लग्न जवळच्याच गावात झालं आणि मी नांदेडला कॉलेजात गेलो. तिथे मला भीती लागली. कशाची, ते सांगता यायचं नाही. वर्गात तोंड उघडलं की माझ्या बोलीला पोरं हसायची म्हणून मी बोलणंच सोडलं. हळूहळू असं वाटू लागलं की आपण इथे आहोत हे कुणालाच माहीत नाही. दुसऱ्या वर्षी कावीळ झाली आणि सरकारी दवाखान्यात पडलो. डोळ्यांसमोर सगळं पिवळं आणि संथ. एका सकाळी वयस्कर नर्सबाई ताप बघायला आल्या. माझ्या कपाळावर हात ठेवून त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले, आवाज आला नाही.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"तुझं नाव सांगितलं."

"कुणाला?"

"ज्याला सांगायचं त्याला," असं म्हणून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

त्या दिवशी बरं वाटलं असं नाही. कावीळ आपल्या गतीनंच उतरली. पण भीती गेली. माझं नाव कुणीतरी ऐकलं आहे, ही जाणीव उशाशी बसून राहिली. मग मी त्या बाईंना त्यांच्या येशूबद्दल विचारत राहिलो, वाचत राहिलो, आणि बऱ्याच वर्षांनी लातुरात माझा बाप्तिस्मा झाला.

लातुरात मी नोकरीमुळे आलो होतो. नवा जिल्हा झाला तेव्हा नव्या कचेऱ्या निघाल्या, त्यांना कारकून लागले, त्यात माझी निवड झाली. पाट्यांचा रंग ओला, टेबलांना वार्निशचा वास. जो तो दुसऱ्याला विचारायचा, अमुक कचेरी कुठं, तमुक साहेब कुठं बसतात. ज्या कामाला आधी उस्मानाबादेला जावं लागे ते आता इथेच होऊ लागलं.

बाप्तिस्म्याचं आक्काला सांगायचं राहिलं होतं. धीर होत नव्हता. आमचं घर बौद्ध. आक्का अंगावर पीत होती तेव्हा आईवडिलांनी दीक्षा घेतली. त्यानंतर गावानं कामं बंद केली, विहिरीवर येऊ दिलं नाही, आणि आमच्या वस्तीनं एकमेकांना धरून ते दिवस काढले. घरातली बुद्धाची तसबीर आक्का रोज पुसायची. अशा घरातून मी एकटाच दुसऱ्या वाटेला लागलो होतो. त्यात आणखी एक गोष्ट होती. तिची मुलगी त्या वर्षी चौथी पास होणार होती आणि गावातली शाळा चौथीपर्यंतच. तिनं पुढे माझ्याकडे राहून शिकायचं, हे ती पाळण्यात होती तेव्हापासून ठरलेलं. मला ती मुलगी शिकवायची होती. आयुष्यात दुसरं काही जमलं नसतं तरी चाललं असतं. आणि मला वाटत होतं, खरं कळलं तर आक्का तिला पाठवणार नाही.

उन्हाळ्यात एका रविवारी हेच ठरवायला आक्काच्या गावी जायचं होतं. पण आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, सांगितलं, "या रविवारी तुम्ही साक्ष द्या." प्रभू आपल्याला कसा भेटला, ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, याला आमच्यात साक्ष देणं म्हणतात. तो शब्द माझ्या तोंडात इतका बसला होता की एसटी स्टँडवर आमच्या गावाकडचा कंडक्टर भेटला तेव्हा मी सहज बोलून गेलो, "मामा, आक्काला सांगा, या आयतवारी येणं होत न्हाई. लातुरात साक्ष द्यायची हाय."

मामांनी निरोप पोचवला. पण साक्ष हा शब्द त्यांना पुस्तकी वाटला असावा. त्यांनी आपल्या रोजच्या बोलीत सांगितलं, "तुझा भाऊ या आयतवारी लातूरच्या कोरटात गवाही द्यायला उभा राहनार हाय."

आमच्या घरात गवाही हा साधा शब्द नव्हता. वडिलांनी एकदा कंधारच्या कोर्टात गवाही दिली होती. एका माणसाला बांधावर मारताना त्यांनी पाहिलं होतं आणि जे पाहिलं ते सांगितलं. जाताना सोबत कुणी गेलं नाही. आल्यावर कुणी कामाला बोलावलं नाही. आई म्हणायची, ते त्या दिवसापासून वाकूनच चालायला लागले.

रविवारी शाळेच्या पत्र्याच्या वर्गात आमची उपासना असे. गाणं चाललं होतं. दारातल्या उन्हात कुणीतरी उभं राहिलेलं दिसलं. उजेडामुळे चेहरा दिसेना. मला वाटलं, कामावरच्या त्या बायांपैकीच एक चालत चालत इथवर आली. मग ती आत आली. डोक्यावर फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या. आक्का पहाटेच्या गाडीनं निघून अहमदपूरला गाडी बदलून आली होती, आणि माझ्या कचेरीच्या रखवालदाराला विचारत इथे पोचली होती.

मी गाणं सोडून तिच्याजवळ गेलो.

"आक्का, तू?"

"तू एकटा कसा उभा राहशील? दादाच्या येळी कुणी न्हवतं गेलं संगं." ती वडिलांना दादा म्हणायची. "कोरट हेच का? जरा लहानच हाय."

"हे कोर्ट नाही आक्का. आज आयतवार."

"तुझं दाजी बी तेच म्हनले, आयतवारी कोरट बंद असतंय. मी म्हनलं, नवा जिल्हा हाय, काम लई साचलं असंल, आयतवारी बी चालू ठेवलं असंल." मग पुढे बसलेल्या पाळकांकडे बघून हळूच म्हणाली, "त्यो काळ्या कोटातला वकील आपला का त्येंचा?"

मला हसू आलं. बायांच्या रांगेतल्या एका म्हातारबाईंनी तिला सरकून जागा दिली, तांब्या पुढे केला. "कुनाकडून आलात, बाई?"

"गवाहदाराची बहीण हाय," आक्का म्हणाली.

म्हातारबाई हसल्या. "मंग बरं झालं. आपल्या मानसापुढं खोटं बोलता येत न्हाई."

साक्ष कशी द्यायची, हे पाळकांनी मला शिकवलं होतं. आधी आपण कसे होतो, मग प्रभू कसा भेटला, मग काय बदललं. बहुतेक जण 'मी अंधारात होतो' असंच सुरू करतात. मीही तेच पाठ केलं होतं. उभा राहिलो आणि आक्का समोर दिसली. भाकरीचं फडकं मांडीवर, डोळे माझ्यावर. माझा अंधार म्हणजे हिचं घर, असं ती ऐकणार होती. पत्रा तापून टकटक वाजत होता. मधल्या काही क्षणांत मी कुठेतरी लांब गेलो होतो असं वाटतं. बोलू लागलो तेव्हा माझा आवाज मला दुसऱ्याचा वाटला.

मी म्हणालो, "ज्या घरात मी वाढलो त्या घरात उजेड होता. ही समोर बसली आहे, तिनं तो केला. तिच्या जिवावर मी शिकलो. भीती मला बाहेर पडल्यावर लागली, माझी मला लागली. नांदेडच्या दवाखान्यात एका बाईनं माझं नाव प्रभूला सांगितलं, आणि त्यानं ते ऐकलं. माझी भीती त्यानं काढली. मी येशूचा आहे. हे मी माझ्या बहिणीला अजून सांगितलं नव्हतं. तुमच्याबरोबर तीही आजच ऐकते आहे."

दोन-चार जण 'आमेन' म्हणाले. मागच्या बाकावर कुणीतरी पुटपुटलं, "आधीचं नीट सांगितलं न्हाई." पाळक उठून म्हणाले, "जे पाहिलं ते सांगितलं. साक्ष एवढीच असते." आक्कानं पदर कपाळावर ओढून घेतला. तिचा चेहरा मला दिसला नाही.

उपासना झाल्यावर म्हातारबाईंनी तिला जेवायला थांबा म्हटलं. "गाडी हाय," म्हणून तिनं नको म्हटलं. भाकरीचं फडकं मात्र तिनं तिथेच सोडलं आणि सगळ्यांना अर्धी अर्धी दिली. मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. गाडीत खिडकीशी बसल्यावर म्हणाली, "आपण यकदा वाट बदलली तवा समदे मिळून बदलली. तू एकलाच गेलास."

"हाव, आक्का."

"गावात इचारतील, निकाल काय लागला म्हून. काय सांगू?"

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली तेव्हा तिनं गजांतून हात बाहेर काढून माझी बाही धरली. "आन् पोरीला बी असलंच करशील का रे?"

मी दोन पावलं गाडीबरोबर चाललो. मग बाही सुटली.

त्या संध्याकाळी मी तिला पत्र लिहिलं. आक्काला वाचता येत नाही, तिची पत्रं मुलगीच वाचून दाखवायची. पोस्टात टाकण्याआधी मी ते उतरून ठेवलं होतं, तसंच इथे देतो.

"ती. आक्कास सप्रेम नमस्कार.

तू सुखरूप पोचलीस का ते कळव. भाकरी सगळ्यांना पुरल्या. ज्या म्हातारबाईंशेजारी तू बसली होतीस, त्या तुझी आठवण काढत होत्या.

तू विचारलंस, गावात काय सांगू. सांग की माझ्या भावाची गवाही होती, त्यानं दिली. तो येशूच्या माणसांत गेला आहे, हेही सांग. लपवू नकोस, नाहीतर लोक तुलाच बोलतील. दाजींना मी येऊन स्वतः सांगेन.

दुसरं तू विचारलंस त्याचं उत्तर. मी तिला काही करणार नाही. ती तुझ्या घरातून येईल तशीच माझ्या घरात राहील. सकाळी तिनं तिची वंदना म्हणावी, मी माझी प्रार्थना करीन. मी काय मानतो, असं तिनं विचारलं तर खरं सांगेन, कारण तिच्याशी खोटं बोललो तर ते तुझ्याशी बोलल्यासारखं होईल. मोठी झाल्यावर ती काय मानेल ते तिचं.

एवढं ऐकूनही तुझं मन घेत नसेल तर पाठवू नकोस. मी रागावणार नाही. पण शाळा थांबवू नकोस. मुखेडला मुलींच्या राहण्याची सोय आहे का, याची चौकशी मी केली आहे. पुढच्या आयतवारी येतो, तेव्हा आपण तिघं तिथे जाऊन बघून येऊ. माझ्याकडे की मुखेडला, हे तू ठरव. दोन्हीकडे शाळा सोडल्याचा दाखला लागेल, तो काढून ठेव.

हे पत्र वाचणाऱ्या पोरी, तू गाळून वाचलं नाहीस ना? आईला सगळं वाचून दाखव. आणि ती काय म्हणाली ते तुझ्या अक्षरात मला लिही.

तुझा भाऊ."