मागच्या रांगेला ऐकू जाईल असं

आमच्या दादाशी भांडायचं तर समोर जाऊन उभं राहावं लागायचं. दुसऱ्या खोलीतून टोमणा मारून निसटायची सोय नव्हती. घरात मी सगळ्यांत तोंडाळ आणि माझा सख्खा भाऊ ठार बहिरा. देवाने तुझ्यावर औषधच पाठवलंय, असं आई म्हणायची. मी फारच पेटले की तो शांतपणे डोळे मिटून घ्यायचा. मग बसा बोंबलत.

लहानपणी एका तापात त्याचे कान गेले. गावाच्या टोकाला बहिऱ्या मुलांची शाळा होती, तिथे त्याला घातलं. त्या शाळेत मुलांना तोंडाने बोलायला शिकवत. मुलं आपापसांत हातांनी बोलायला लागली की त्यांना हातांवर बसवत. खरोखरच बसवत: तळवे बाकावर आणि वर मांड्या. शाळेच्या मोठ्या बाईंनी आईला बोलावून सांगितलं, "घरीही हात चालू देऊ नका. हात बोलायला लागले की जीभ आळशी होते. मग लोक त्याला माणसात धरणार नाहीत." आईने ते शब्द मनात गाठ मारून ठेवले.

वडील गेल्यावर आई शिवणकामावर घर चालवत होती. मशीन बंद झालं की ती दादाला आरशापुढे घेऊन बसायची. त्याचा तळवा स्वतःच्या गळ्यावर ठेवायची, एकेक अक्षर म्हणायची, मग त्याचा हात त्याच्या गळ्यावर. 'प' आणि 'ब' ओठांवर सारखेच दिसतात. त्या दोन अक्षरांपायी तिने जिवाचं रान केलं. दादाला काही शब्द आलेही. आवाज थोडा फाटका होता, पण मला तो आवडायचा, कारण तो दादाचा होता. एकदा आईने त्याला वाण्याकडे साखर आणायला पाठवलं. तो "साखर" म्हणाला. वाण्याने दुकानातल्या गिऱ्हाइकांना हाक मारून त्याला पुन्हा म्हणायला लावलं, मग आणखी एकदा. दादा साखर न घेताच घरी आला आणि त्यानंतर त्याने आवाज काढला नाही. आईला वाटलं, तिच्या मेहनतीवर पाणी पडलं. तरी ती रोज आरशापुढे बसायची.

हातांची भाषा मला दादाने दारामागे शिकवली. आईची पाठ वळली की आमच्या गप्पा सुरू. ती पुन्हा आमच्याकडे वळली की आम्ही दोघं साळसूद, हात मांडीवर. तिला कळत नसेल असं समजण्याइतके आम्ही लहान होतो.

मोठेपणी मी या विषयावर मिळेल ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं. जन्मतः मुक्या माणसाला मृत्युपत्र करता येणार नाही, करार करता येणार नाही, असे कायदे कितीतरी देशांत शेकडो वर्षं होते. पुढे देशोदेशीचे शिक्षक एका सभेला जमले आणि त्यांनी ठरवून टाकलं, की बहिऱ्या मुलांना तोंडीच शिकवायचं. तिथे मत द्यायला बहिरे किती होते? शोधून सापडणार नाहीत इतके. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथे ज्याचं जळत होतं त्याला आतच घेतलं नव्हतं. आमच्या मोठ्या बाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांना जे शिकवलं गेलं तेच त्यांनी आईच्या पदरात टाकलं. मला राग येतो, पण तो नेमका कोणावर काढायचा ते अजून ठरत नाही.

दादाला काम मिळालं लाकूड कापायच्या गिरणीत. तिथे पातं ओंडक्यात शिरलं की शेजारच्याने कानात बोंब मारली तरी कळायचं नाही. म्हणजे आत सगळेच बहिरे, फक्त दादाला सवय होती. तो येण्याआधी लोक एकमेकांना लाकडाच्या ढलप्या मारून बोलवायचे. दादाने त्यांना 'थांब', 'उचल', 'पातं तापलंय' अशा खुणा दिल्या. 'मुकादम येतोय' ही खूण सर्वांनी सर्वांत आधी पाठ केली. वर्षभरात सगळी गिरणी भुशाच्या धुरळ्यातून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गप्पा मारू लागली. कोणाची सासू आली, कोणाचा पाय घसरला, सगळं. एकदा खुद्द मुकादमाची बाही पट्ट्यात अडकली. दादाने लांबून हात उंचावला, बटणापाशी उभ्या माणसाने तो पाहिला आणि यंत्र थांबलं. त्या दिवसापासून मुकादम दादाच्या शब्दाबाहेर नव्हता.

गिरणीमागच्या गल्लीत कपडे धुण्याचं दुकान होतं. तिथे इस्त्री करणारी मुलगी जन्मापासून बहिरी. ती शाळेत गेलीच नव्हती, त्यामुळे तिच्या हातांवर तिला कोणी बसवलं नव्हतं. तिचे वडील तिच्याशी हातांनीच बोलत. ती बोलायची ती पार खांद्यापासून. दादाचे हात मात्र चोरून बोलायला शिकलेले, छातीशी आखडलेले. तिच्या संगतीत ते मोकळे झाले. दिवसभर भुशात लोळणाऱ्या माणसाला कडक इस्त्रीचा शर्ट कशाला लागतो, हे आईने एकदाही विचारलं नाही.

"दोघंही मुकी," लग्नाचं निघालं तेव्हा ती एवढंच म्हणाली. "घरात आवाज कोणाचा असणार?"

"माझा," मी म्हणाले.

"तो तर शेजाऱ्यांच्या घरातही असतो."

लग्न नोंदणी कचेरीत लागायचं होतं आणि तिथे एक जुना नियम होता. नवरा-नवरीने आपापल्या तोंडाने 'होय' म्हणायचं, तेही मागच्या रांगेला ऐकू जाईल असं. मागच्या रांगेत दोन्ही घरांतलं एकेक वडीलधारं माणूस बसायचं. त्यांनी "ऐकलं" म्हटलं की सही, नाहीतर लग्न नाही. नियम वाईट नव्हता. पूर्वी मुलीच्या वतीने बाप किंवा काकाच 'होय' पुटपुटून मोकळा व्हायचा, ते थांबवायला कोणीतरी भांडून तो आणला होता. एकाच्या हक्कासाठी घातलेलं कुंपण दुसऱ्याला आडवं येईल हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नसावं.

नोंदणी अधिकारी भला माणूस होता, पण नियमाला चिकटलेला. तो म्हणाला, "ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्या वतीने पालकांनी होय म्हणायची तरतूद आहे. वेड्यांसाठी आहे तीच."

आईचा चेहरा खुलला. "मग मी म्हणते ना."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी हातांनी सांगितलं. त्याने मान हलवून नकार दिला, तो समजायला दुभाष्या लागला नाही.

घरी आल्यावर आई त्याच्यासमोर उभी राहिली. ओठ मोठे मोठे हलवत म्हणाली, "तुला येतं. होय एवढंच म्हणायचंय. मी शिकवलंय तुला."

दादाचे हात तिच्यासमोर पहिल्यांदाच उघडपणे चालले. ते काय म्हणत होते ते मी तिला सांगितलं. "मला येतं, तिला येत नाही. मी तोंडाने म्हटलं तर मी पुरा माणूस आणि ती अर्धी. असं लग्न मला नको. मी हातांनी म्हणेन, तीही हातांनी म्हणेल."

आई मला म्हणाली, "मग मी इतकी वर्षं काय केलं, ते विचार त्याला."

मी ते त्याला विचारलं नाही. आई मशीनपाशी जाऊन बसली, पण मशीन चालवलं नाही. मला तेव्हा तिची फार दया आली. हात म्हणजेही बोलणंच, हे मान्य केलं तर पोटच्या पोराचं बोलणं आपणच इतकी वर्षं दाबून ठेवलं, हेही मान्य करावं लागणार होतं. ते कोणत्या आईला सोपं जाईल?

अधिकाऱ्याकडे मुकादम स्वतः गेला, आम्हाला न विचारता. "साहेब, माझी माणसं दिवसभर कानाने काही ऐकत नाहीत," तो म्हणाला, "आणि संध्याकाळी दहाही बोटं शाबूत घेऊन घरी जातात. ती काय एकमेकांचं न समजता?" अधिकाऱ्याने नियमाचं पुस्तक काढून पुन्हा वाचलं आणि विचारात पडला. शेवटी म्हणाला, "ऐकू आलं की नाही हे मागची रांग ठरवते, मी नाही. तिथल्या वडीलधाऱ्यांनी 'ऐकलं' म्हटलं, तर मी सही करतो. नाही म्हटलं, तर माझा इलाज नाही."

मुलीचे वडील तयारच होते. आमच्या घरात दादाहून वडीलधारं माणूस एकच, आई. तिने येणार की नाही हे सांगितलं नाही. आली तर काय म्हणेल, हेही नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तुला सगळं आधी कळायला हवं का?"

लग्नाच्या दिवशी अख्खी गिरणी धुऊन-पुसून हजर होती. खोली लांबट, बाकं लाकडी. ती दादाच्याच गिरणीत कापली असतील. आई आली. कोणाशी न बोलता शेवटच्या बाकावर मुलीच्या वडिलांशेजारी बसली. तिच्यामागे भिंतीला टेकून मी उभी. बरोबर तिच्या पुढ्यात मुकादम, त्याचं डोकं फेट्यासकट दोन माणसांएवढं.

अधिकाऱ्याने प्रश्न वाचला. मुलीने मूठ छातीवर ठेवली आणि दादाकडे उघडली. दादानेही तेच केलं, पण गिरणीत करायचा तसं, ओंडक्यापलीकडच्या माणसाला दिसेल एवढं मोठं.

"मागची रांग," अधिकारी म्हणाला. "ऐकू आलं?"

"ऐकलं," मुलीचे वडील म्हणाले.

आता आईची पाळी. बाकं करकरायची थांबली. दादाला आवाज कळत नसला तरी सगळ्या माना कुठे वळल्यात ते दिसत होतं. तो तिच्याकडे बघत राहिला.

आई उठली. "नाही," ती म्हणाली.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. दादाने तिच्या ओठांवरचं ते 'नाही' वाचलं होतं. त्याचा हात खाली गेला.

"कसं ऐकू येणार?" आई म्हणाली. "हे एवढं डोकं मध्ये. सरका हो जरा. त्याला म्हणावं, पुन्हा सांग."

मुकादम इतका घाईने सरकला की शेजारचा बाकावरून पडता पडता वाचला. मी दादाला खूण केली, 'पुन्हा.' त्याने पुन्हा मूठ छातीवर ठेवली. या वेळी घाई केली नाही. आई मान वाकडी करून, डोळे बारीक करून, सुईत दोरा ओवताना बघावं तशी बघत होती. त्याचा हात पुरता उघडेपर्यंत ती हलली नाही.

"ऐकलं," ती म्हणाली. "मला चांगलं ऐकू आलं."

अधिकाऱ्याने पेन उचललं. पण दादापर्यंत यातलं काही पोहोचलं नव्हतं, आणि आईचं तोंड आता त्याच्याकडे नव्हतं. ती डोळे पुसत होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला हात वर केला, तोच आईने तो धरला.

"तू थांब," ती म्हणाली. "मी सांगते त्याला."

आणि तिने दोन्ही हात वर केले. इतकी वर्षं पाठमोरी राहून ती काय काय बघत आली होती कोण जाणे. बोटं अडखळली, खूण उलटी झाली, तिने ती पुसल्यासारखं करून परत केली. दादाने शेवटपर्यंत वाट पाहिली, तिला मध्येच तोडलं नाही.