साडेदहाची किटली

स्वयंपाकघरात चप्पल घालून फिरणारी सून आमच्या सासरी मीच पहिली. टाचा दुखायच्या, डॉक्टरांनी घरात रबरी चप्पल वापरायला सांगितलेलं, आणि मी काही कुणाचं ऐकून घेणाऱ्यांतली नाही. त्यात कोल्हापुरातल्या आमच्या भाड्याच्या घरात देव्हारा स्वयंपाकघरातच, ओट्याला लागून. सासूबाईंना, म्हणजे आम्ही ज्यांना आत्ती म्हणतो त्यांना, ते मुळीच पटायचं नाही. तोंडानं बोलायच्या नाहीत. माझ्या पायांकडं बघायच्या आणि भांडी आपटायच्या.

आत्ती आजऱ्याकडच्या. मामंजी नदीवरच्या मोटरीला चिकटून गेले. रोज सकाळी साडेदहाला आत्ती त्यांचा चहा घेऊन रानात जायच्या, त्या दिवशीही गेल्या, आणि सगळ्यांच्या आधी त्यांनीच ते पाहिलं. हात धरायला धावल्या, तर बांधावरच्या माणसांनी कमरेला धरून मागं ओढलं. नाहीतर घरातनं दोन तिरड्या निघाल्या असत्या. पुढं आम्ही त्यांना कोल्हापूरला आणलं आणि मी घरात सगळ्यांना बजावून टाकलं, त्यांच्यासमोर ‘करंट’ हा शब्द काढायचा नाही. शॉक नाही, मोटर नाही, काही नाही. मला वाटायचं, केवढी मी समजूतदार!

ओट्यावर आमची स्टीलची विजेची किटली असायची. एके दिवशी बघते तर आत्ती तिच्यावरनं बोटं फिरवत उभ्या. बटण बंद, किटली गार, आत पाण्याचा थेंब नाही. चहा हवाय का विचारलं तर नुसती मान हलवली आणि गालातल्या गालात हसल्या. मामंजी गेल्यापासून पहिल्यांदाच हसलेल्या, म्हणून मीही खूश झाले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी घड्याळ बघितलं, साडेदहा. फरशी पुसून झाली की त्या अनवाणी ओट्याशी जायच्या, बाजूला कपभर चहा ठेवायच्या, दोन बोटं किटलीला टेकवायच्या आणि डोळे मिटायच्या. त्यांच्या हातावरची लव उभी राहिलेली मला दारातून दिसायची. वीस-पंचवीस मिनिटांनी डोळे उघडून हळूच म्हणायच्या, “गेले.” मग निवांत भाजी निवडायला बसायच्या. एकदा त्यांचा हात तिथंच असताना मीही किटलीला हात लावून पाहिला. काही नाही, नुसतं गार स्टील.

न राहवून विचारलं, काय असतं हो तिथं?

“तुझं मामंजी येत्यात,” त्या म्हणाल्या. दूधवाला आला म्हणून सांगावं, तितक्या सहज.

खरं सांगते, माझी टरकली. तशी मी भुताखेताला भीक घालणारी बाई नव्हे. पण साडेदहा वाजायला आले की मी काहीतरी निमित्त काढून बाहेरच्या खोलीत जाऊन बसायची. घर एकदम गप्प. खालून घरमालकीण काकूंच्या स्वयंपाकघरातली घरघर तेवढी यायची, आणि आत एक बाई किटलीला हात लावून कुणाची तरी वाट बघत उभी. नवऱ्याला सांगितलं. संध्याकाळी कंपनीतनं आल्यावर त्यानं टेस्टर घेऊन किटली तपासली. टेस्टर पेटला नाही. आईचं मन रमतंय तर रमू दे, म्हणाला. जाता-येता काकूंच्या कानावर घातलं, तर त्या म्हणाल्या, घर चांगलं आहे, आजवर कुणाला काही दिसलेलं नाही. आणि लगबगीनं आत निघून गेल्या.

असं करता करता मामंजींचं वर्षश्राद्ध आलं. आदल्या दिवशी सकाळी आत्ती खुशीत होत्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, “उद्या न्हाऊन वलेत्यानंच सैपाकाला लागणार हाय मी. आनि उद्या नुसती बोटं न्हाय लावायची. चांगला घट्ट हात धरणार हाय त्येंचा. बघूया, कसा सोडवून घेत्यात.”

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हातारीची हौस, करू दे. त्या देवळात गेल्या आणि मी श्राद्धाच्या स्वयंपाकासाठी ओटा, फरशी सगळं धुवायला काढलं. उद्याचं काम पितरांचं, म्हणून माझ्यासारखीनंही त्या दिवशी चपला दाराबाहेर काढल्या. खालची घरघर त्या दिवशी नवालाच सुरू झालेली. ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून किटली पुसायला हात पुढं केला.

आणि माझ्या बोटांखाली कुणीतरी बोटं हलवली.

हात झटकला. बटण बंदच होतं. परत लावला, परत तेच, पातळ कातडीखाली काहीतरी सरसरत गेल्यासारखं. काय सुचलं कोण जाणे, चपला घातल्या आणि पुन्हा हात लावला. काही नाही. काढल्या. आलं. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला, आणि भुताच्या दसपट भीती वाटली.

किटलीची पिन भिंतीतून उपसून काढली आणि वायरमनला बोलावलं. त्यानं बोर्ड खोलला, जिन्याखाली जाऊन बघितलं. अर्थिंगची वायर वरच्या आणि खालच्या घराला मिळून एकच, आणि ती जमिनीत जातच नव्हती. अंगणात फरश्या बसवताना कुणीतरी तोडून टाकलेली. काकू डबे करून द्यायच्या. त्यांचं कणीक मळायचं मशीन रोज साडेदहाला सुरू व्हायचं, आणि त्यातनं करंट उतरत होता. त्यांना मुंग्या यायच्या, म्हणून त्यांनी पायाखाली लाकडी पाट घेतला होता. कितीतरी महिने त्या पाटावर उभ्या राहून कणीक मळत होत्या, आणि तो करंट वायरीतनं वर आमच्या किटलीत येत होता.

“पाट घेतल्यापासनं मला काय हुईत न्हाय की,” काकू म्हणाल्या.

मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. वायरमन शांतपणे म्हणाला, “ताई, वल्या अंगानं कुणी किटली मुठीत धरली असती तर सुटली नसती.” काकूंनी पाट घेतला होता, आणि मी एक शब्द घरातनं हद्दपार केला होता. दोघींनी आपापल्या परीनं सोय करून घेतलेली.

संध्याकाळपर्यंत नवी वायर जमिनीत गेली, मशीन दुरुस्तीला गेलं. आत्तींना मी काहीच सांगितलं नाही. धीर झाला नाही.

सकाळी त्या न्हाऊन आल्या, लुगड्यातनं पाणी ठिबकत होतं. साडेदहाला चहा ठेवला आणि किटली मुठीत धरली. मी दारात उभी होते. आत काही नाही हे माहीत असूनही पुन्हापुन्हा भिंतीवरच्या बटणाकडं बघत होते. चहावर साय धरली. त्यांनी मूठ आणखी आवळली. शेवटी मला बघवेना.

“आत्ती,” मी म्हटलं, “तो करंट होता.”

त्या वळल्या नाहीत.

“ठावं हाय की. पयल्याच दिवशी कळालं मला,” त्या म्हणाल्या. “त्योच त्यास्नी घेऊन गेला. म्हटलं, त्योच आणून सोडत आसंल.”

मग एकेक बोट सोडवत त्यांनी हात काढला.

“तवाबी मागं वडलंसा मला,” त्या म्हणाल्या, “आनि आताबी.” आणि पदर खोचून त्यांनी खिरीखालचा गॅस बारीक केला.