बारावा नंबर डुकराचा

१३ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी दहा. ठिकाण आखातातल्या अल अमेरातमधल्या आमच्या फ्लॅटचा हॉल. खर्च सहा रियाल तीनशे बैसा. हजर : सहा-सात वर्षांची नऊ मराठी मुलं, त्यांतल्या पाच जणांच्या आया, एका मुलाचे अकोल्याहून व्हिजिट व्हिसावर आलेले आजोबा, खालच्या मजल्यावरची चिनी शेजारीण आणि तिची मुलगी, माझी बायको आणि मी. नऊ मुलांत एक आमची.

इतकं नेमकं लिहितोय, कारण त्या दिवशी काय बिघडलं ते मी अनेकदा तपासून पाहिलं आहे आणि दर वेळी चूक माझ्याच तक्त्यात सापडते.

आमच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी मुलांचा मराठीचा वर्ग भरतो. मुलं आपसात इंग्रजीत बोलतात आणि मराठी आई-बाबांचं ऐकून घेण्यापुरती वापरतात. आमच्या मुलीचं तर त्याहून अवघड. मागच्या एका कार्यक्रमात ती चार वाक्यं बोलली, त्यांतल्या दोन वाक्यांवर लोक हसले. प्रेमानेच हसले, पण ती खाली बसली, आणि त्यानंतर घराबाहेर मराठीत एक शब्द बोलली नाही. तिने चारचौघांत पुन्हा तोंड उघडावं, एवढीच माझी इच्छा होती.

खालच्या शेजारणीची मुलगी शाळेत तिच्याच वर्गात आहे. एकदा शेजारणीने दोघींना बारा प्राण्यांची गोष्ट सांगितली. प्राण्यांची शर्यत लागली. उंदीर बैलाच्या पाठीवर बसून नदीपार झाला आणि शेवटी उडी मारून पहिला आला. मांजर झोपून राहिलं. ड्रॅगन वाटेत पाऊस पाडायला थांबला. जो ज्या क्रमाने पोचला, त्या क्रमाने एकेक वर्ष त्याच्या नावावर झालं. आमची मुलगी वर आली ती जिन्यापासून ही गोष्ट सांगतच. तिला मी विचारलं, “वर्गात सांगशील? मराठीत?” ती म्हणाली, “फुल स्टोरी?” मी म्हणालो, “फुल.” ती अकरा दिवस आरशासमोर उभी राहून तयारी करत होती.

शेजारणीने मला आणखी एक सांगितलं. काही घरांत हीच गोष्ट बुद्धांची म्हणून सांगतात : बुद्धांनी सगळ्या प्राण्यांना बोलावलं आणि जे बारा आले त्यांना वर्षं दिली. हे ऐकून मला फार बरं वाटलं. आमच्या वर्गातली बहुतेक घरं बौद्ध आहेत, आमचंही. मला वाटलं, पूल आयताच बांधलेला आहे, फक्त मुलांना त्यावरून न्यायचं.

आता तक्त्याचं. गोष्टीच्या वेळी प्रत्येक मुलाने आपल्या जन्मवर्षाच्या प्राण्याचा मुखवटा घालायचा, असं मी ठरवलं. मी कंपनीत बांधकामाच्या मोजमापाचं काम करतो; अंदाजपंचे काही लिहिणं मला जमत नाही. नऊ मुलांच्या जन्मतारखा मागवल्या, चिनी वर्ष कधी सुरू होतं ते पाहिलं आणि प्रत्येकाचा प्राणी काढला. एकाच इयत्तेतली मुलं, त्यामुळे जे यायचं तेच आलं : एक कुत्रा, एक उंदीर, सात डुकरं. आमची मुलगी सातांत.

बायकोने तक्ता पाहिला आणि म्हणाली, “सगळ्यांना घोडा दे.”

“घोडा येत्या वर्षाचा आहे. मुलांचा नाही.”

“मुलांना काय माहीत?”

“मला माहीत आहे ना.”

“मग तूच घाल डुकराचा मुखवटा,” ती म्हणाली, आणि तरीही कागदी ताटल्यांवर गुलाबी नाकं रंगवत बसली. दुकानात घोडे, सिंह, ससे होते. डुकराचं विचारल्यावर मल्याळी दुकानदाराने माझ्याकडे नुसतं पाहिलं होतं.

चिनी नववर्षाला मुलांना पैसे घालून देतात ती लाल पाकिटं शेजारणीने दिली. प्रत्येकात शंभर बैशांच्या दोन कोऱ्या नोटा मी घातल्या. आपल्यासारखा वर एक रुपया जास्तीचा ठेवायचा नाही, जोडीच हवी, आणि पाकीट दोन्ही हातांनी द्यायचं, हे तिने दोनदा बजावलं. नियम मी केला : गोष्ट पूर्ण झाली की पाकीट.

मुखवटे वाटल्यावर पाच मिनिटंही शांततेत गेली नाहीत. ज्याच्या वाट्याला कुत्रा आला तो मुलगा सगळ्यांभोवती फिरून म्हणायला लागला, “पिग, पिग, पिग. ओन्ली मी डॉग.” एकाने मुखवटा काढून पायाखाली घातला. एक आई मला म्हणाली, “भाऊजी, हा शाळेत जाऊन सांगेल हो, मी डुक्कर आहे म्हणून. माझ्या मुलाला वेगळं काही द्या ना.” मी तिला जन्मतारीख दाखवली. आज हे लिहितानाही माझा माझ्यावर विश्वास बसत नाही, पण मी खरंच कागद पुढे करून तिला तारीख दाखवली.

तेवढ्यात आमच्या मुलीने गोष्ट सुरू केली. तिचा आवाज बारीक होता, पण ती थांबत नव्हती. उंदीर झाला, बैल झाला, वाघ झाला. कुठे शब्द अडला की ती डोळे मिटायची आणि पुढे जायची. कोणी हसलं नाही. मी बोटांवर प्राणी मोजत होतो. माकड नववं, कोंबडा दहावा, कुत्रा अकरावा. कुत्र्यावर त्या मुलाने टाळी वाजवली.

“आणि मग लास्टला,” ती म्हणाली, “मग सगळ्यात शेवटी...”

“साहेब, एक विचारू?”

हे आजोबा. निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांचा नातू त्यांच्या मांडीवर मुखवटा घालून बसला होता.

“हा डुक्कर, तो कुत्रा, हे कशावरून ठरवलं?”

“जन्मतारखेवरून, गुरुजी.”

“म्हणजे पत्रिकाच की.”

“गोष्ट आहे ती. आणि बुद्धांची म्हणूनही सांगतात.”

“पत्रिका पण गोष्टच असते. माझ्या बापानं घरातलं पंचांग चुलीत घातलं. मी चौतीस वर्षं वर्गात सांगत आलो, जन्मावरून माणूस ठरत नाही. आणि इथं येऊन पाहतो तर नातवाच्या तोंडावर जन्मावरून मुखवटा. तोही डुकराचा. आणि वर नाव बुद्धांचं.”

त्यांचं चुकत नव्हतं. मी “बरोबर आहे गुरुजी, आधी पोरीचं होऊ द्या” एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. पण मी समजावत बसलो. यात भविष्य नाही, नुसती वर्षांची मोजणी आहे, बाराने भाग द्यायचा. एक आई गुरुजींच्या बाजूने, दुसरी म्हणाली पोरांचा खेळ आहे, तिसरीला मुळात चिनी सण मराठीच्या वर्गात कशाला हेच कळत नव्हतं. शेजारीण सोफ्याच्या टोकाला बसून प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होती. हे सगळं वीस मिनिटं चाललं.

मुलगी तेवढा वेळ उभी होती. एक वाक्य राहिलं होतं.

शेवटी शेजारणीने इथल्या अरबीत हळूच विचारलं, “खलास?” आणि आपल्या मुलीचा हात धरून उठली. गुरुजी जाताना म्हणाले, “राग मानू नका.” मी म्हणालो, “नाही.” मला राग आला होता, त्यांचा कमी, माझा जास्त.

मी आठ पाकिटं वाटली आणि नववं मुलीपुढे दोन्ही हातांनी धरलं. तिने घेतलं नाही.

“स्टोरी पूर्ण नाही झाली,” ती म्हणाली.

“झाल्यासारखीच आहे बाळा. एकच वाक्य.”

“तुम्हीच रूल केला ना, बाबा.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि ताटल्या गोळा करायला लागली. शनिवार, रविवार, सोमवार, मी रोज विचारलं, “आता सांगतेस? मी एकटाच आहे.” ती रोज मान हलवायची. पाकीट फ्रिजवर पडून होतं.

मंगळवारी त्यांचा नववर्षाचा दिवस. संध्याकाळी मी कामावरून आलो, तर मुलगी खालून वर येत होती. हातात शेजारणीने दिलेली दोन संत्री. तिने बूटसुद्धा न काढता फ्रिजकडे बोट केलं.

“बाबा, ते पाकीट.”

“सांगितलीस गोष्ट? कोणाला?”

“खाली. फुल स्टोरी. मराठीत.”

“अगं, पण तुझ्या मैत्रिणीला मराठी कुठे येतं?”

“येत नाही,” ती म्हणाली. “म्हणूनच ती मधे नाही बोलली.”

शेवटचं वाक्य काय सांगितलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, ते तिथे सांगून झालं. अकरा दिवसांची तयारी आरशाने ऐकली, गोष्ट एका चिनी मुलीने ऐकली. ज्याने हा सगळा घाट घातला त्याने अकरा प्राणीच ऐकले.

मी पाकीट काढून तिच्या हातात दिलं. ती लगेच वळली.

“कुठे?”

“हे तिचं आहे. तिने पूर्ण ऐकली.”

“निदान एक नोट तू ठेव.”

“जोडी मोडायची नाही, बाबा.”

ती जिना उतरून गेली. दार उघडल्याचं ऐकू आलं, मग दोघींचं हसणं. हिशेबाच्या वहीत मी तशीच नोंद केली : दोनशे बैसा, शंभराच्या दोन नोटा, खालच्या मजल्यावरच्या मुलीला.