ट्रिम या शब्दाचे मूळ आणि छापखान्याचे कुंपण

छापखान्याच्या आवारातील माळीबुवा मनाने इतके हळवे होते की, पान खुडण्यापूर्वीही ते झाडाची क्षमा मागत. आवाराभोवतीचे झुडपांचे कुंपण ते वर्षानुवर्षे नखे काढावीत तसे वरवर कापत आले. परिणामी शेंडे एका रेषेत राहिले आणि बुडाशी नुसत्या काड्या उरल्या. मागच्या गल्लीच्या बाजूस तर माणूस आरपार जाईल एवढे भगदाड पडले.

नवे व्यवस्थापक म्हणाले, "उन्हाळा संपेपर्यंत हे बुजवा. नाहीतर उपटून तारा ठोकू. मग माळ्याचं तरी काय काम?"

त्या संध्याकाळी बुवांनी जेवताना ही गोष्ट घरी सांगितली. त्यांची भाची शाळेत इंग्रजी शिकवीत असे. ती म्हणाली, "मामा, कुंपण कापण्याला इंग्रजीत ट्रिम म्हणतात. पण फार जुन्या काळी त्याचा अर्थ कापणं नव्हताच. मजबूत करणं, असा होता. मग नीटनेटकं करणं झालं. कापणं मागाहून आलं."

"कापून मजबूत?"

"मी शब्दाचं सांगते. झाडाचं तुम्ही बघा."

मामी पोळी वाढत म्हणाली, "फाजील लाड केले की पोर काय नि कुंपण काय, बुडात पोकळच."

सकाळी बुवांनी कात्रीला धार लावली, कुंपणाला हात जोडले आणि ते सबंध गुडघ्याच्या उंचीवर छाटून टाकले.

छापखान्यात पुस्तके बांधणारा बाइंडर म्हणाला, "बुवा, ही तर हजामत! आता तुमचीही होणार."

"होऊ दे. केस कुठे राहिलेत?"

 व्यवस्थापकांनी तारेचे वेटोळे आणवून बुवांच्या खोपटाशी ठेवले. बुवा रोज बुंध्यांना पाणी घालीत आणि वेटोळ्याकडे पाठ करून भाकरी खात.

पुढे बुंध्यांना डोळे फुटले. एकेका काडीला चार-चार फांद्या आल्या. उन्हाळा सरता सरता कुंपण असे दाटले की मुंगीलाही वाट विचारावी लागली असती.

एके सकाळी पलीकडून आवाज आला. "माळीबुवा, इथून वाट होती ना?" व्यवस्थापक डबा घेऊन गल्लीत उभे होते. त्यांचे बिऱ्हाड त्याच गल्लीत होते.

"होती, साहेब. आपणच बुजवायला सांगितलीत."

"हं. थोडंसं कापता येईल?"

"कापतो की. पण कापलं की हे आणखीच दाटतं."

 "ती तार परत पाठवून द्या," असे म्हणून व्यवस्थापक वळसा घालून फाटकाकडे निघाले. त्या दिवशी ते कामावर उशिरा पोहोचले.