कल्याणच्या आड

आमच्या सोसायटीतले एक काका गच्चीवर भेटले की आधी आपल्याला बाजूला करतात. "जरा सरक रे, कल्याणच्या आड येतोयस."

रिटायर झाल्यावर त्यांनी टीव्हीच्या जुन्या छत्रीला स्वतः जुळवलेला, दोन्हीकडून बोलता येणारा हॅम रेडिओ लावला. रीतसर लायसन्स काढलं. कल्याणचा एक मित्रही याच नादाला लागलेला. पण या रेडिओच्या मायक्रोवेव्ह लहरी म्हणे सरळच जातात, आणि आमच्या डोंबिवलीत सरळ गेलं की इमारत आडवी येते. "ती काही हलणार नाही, निदान तू तरी हल," असं ते मलाच सुनावतात. वर्षभर कल्याणहून नुसती खरखर.

यंदा डावीकडे बिल्डरचा नवा रहिवासी टॉवर चढायला लागला. माझ्या बाल्कनीत भर दुपारी दिवा लावायची वेळ आली. सोसायटीने तक्रार करायचं ठरवलं. अर्ज काकांनीच लिहिला, तोही असा जहाल की सेक्रेटरींनी दोन शब्द खोडायला लावले.

त्यांची सही घ्यायला मी गच्चीवर गेलो, तर छत्री टॉवरकडे वळवलेली आणि रेडिओतून कल्याणचा मित्र खणखणीत बोलतोय! लहर टॉवरच्या भिंतीवर आपटून, वळसा घालून पोचली होती.

काकांनी स्वतःचाच अर्ज शांतपणे वाचला, नीट घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवला.

"घाई नको रे. अजून चार मजले चढू देत. टिटवाळ्यालाही आपला एक माणूस आहे."